किल्ली कोणाच्या कनवटीला?

‘क्लाऊड’ हा शब्द आता आपल्या घराघरांत पोचला आहे. नातवंडांचे फोटो क्लाऊडवर असतात, सहकारी संस्थेचे हिशेब क्लाऊडवर असतात, शाळेच्या निकालाचे तक्तेही तेथेच असतात. शब्द मोठा चतुराईचा आहे. ढगाला दार नसते, कुलूप नसते, मालक नसतो. तो आभाळात असतो आणि सर्वांवर सारखीच सावली धरतो. पूर्वी अभियंते जाळ्याचे आकृतिचित्र काढीत, तेव्हा त्यातील ज्या भागाशी आपल्याला कर्तव्य नाही तेथे ढगाचा आकार रेखाटून मोकळे होत. ‘येथे आत काय आहे ते तूर्त विचारू नये’ एवढाच त्या ढगाचा मूळ अर्थ होता. आम्ही नेमके तेच विचारण्याचे आज योजिले आहे.

आत इमारती आहेत. आभाळात नव्हे, आपल्या अगदी जवळ आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या सप्टेंबरात पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनने २०१६ च्या जूनमध्ये आपला मुंबई विभाग उघडला. भिंती, पहारा, अखंड वीज, वीज गेलीच तर डिझेलची जनित्रे, थंड हवेचे झोत, आणि कपाटांसारख्या चौकटींत ओळीने बसवलेले संगणक, असा तो ढग असतो. आपण जेव्हा एखादा कागद ‘वर’ ठेवतो तेव्हा तो अशा एखाद्या कोठीत जातो आणि त्या कोठीची किल्ली कोठीवाल्याच्या कनवटीला राहते. आपल्याला मिळतो तो पासवर्ड. आणि पासवर्ड म्हणजे किल्ली नव्हे, ती आत जाण्याची परवानगी होय.

हीच सोय आपल्याच संगणकावर, आपल्याच छपराखाली, लिनक्स सर्व्हरवर उभी करता येईल काय, असा प्रश्न काही माणसांनी २०१० च्या सुमारास विचारला आणि त्याचे उत्तर त्यांनी लेखाने न देता कामाने दिले. त्या कामाचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. विषय यंत्राचा दिसतो, पण आमच्या मते तो मालकीचा आणि मालकीबरोबर येणाऱ्या जबाबदारीचा आहे.

थोडे मागे जावे लागेल. संगणक प्रथमपासून घरात नव्हताच. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कोर्बाटो यांनी एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची व्यवस्था दाखवून दिली. त्याच वर्षी त्या संस्थेच्या शताब्दीनिमित्त झालेल्या भाषणात जॉन मॅकार्थी यांनी असे भाकीत केले की, टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सोय होईल. म्हणजे क्लाऊडची कल्पना जुनीच आहे. मध्यंतरी मात्र वारा फिरला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून टेबलावर मावणारे संगणक आले आणि माणसाचे कागद माणसाच्या खोलीत राहू लागले. तबकडी आपली, यंत्र आपले. बिघडले तर रडणेही आपलेच.

हे स्वराज्य तीसएक वर्षे टिकले. ते कोणी हिरावून नेले असे म्हणता येणार नाही. आपणच ते सोडून दिले आणि त्याला कारणही सबळ होते. एका माणसाजवळ एकच यंत्र असेपर्यंत सारे ठीक होते. पुढे घरात एक, कचेरीत एक, खिशात एक अशी यंत्रे झाली आणि कोणता कागद कोठे राहिला याचा घोळ सुरू झाला. ॲमेझॉनने २००६ च्या मार्चमध्ये ‘एस-थ्री’ नावाची साठवणीची सेवा उघडली. तिच्यात कोणीही भाड्याने जागा घ्यावी. ड्रू ह्यूस्टन नावाचा तरुण बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला असता आपला पेनड्राइव्ह घरी विसरला आणि त्या वैतागातून ‘ड्रॉपबॉक्स’ची कल्पना त्याला सुचली, अशी हकीकत तो स्वतः सांगतो. ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी यांनी २००७ साली कंपनी काढली, २००८ साली सेवा सर्वांना खुली झाली. संगणकावर एक पेटी ठेवायची. तिच्यात टाकलेला कागद आपल्या दुसऱ्या सगळ्या यंत्रांवर आपोआप उमटायचा. पहिल्या २ जीबींना पैसे नाहीत. युक्ती इतकी सोपी आणि इतकी बिनबोभाट होती की, लोकांनी कोठीवाल्याचे नावगावही विचारले नाही.

कोठीवाला कोण हे कळण्याचे प्रसंग पुढे लवकरच आले. १९ जून २०११ रोजी ड्रॉपबॉक्सच्या एका बदलात चूक राहिली आणि जवळपास चार तास कोणताही पासवर्ड घालून कोणाचेही खाते उघडता येत होते. चूक लगेच दुरुस्त झाली, आणि चूक कोणाच्याही हातून होते. पण चार तास लक्षावधी लोकांच्या कुलपांना वाटेल ती किल्ली लागत होती आणि त्या लोकांना त्याचा पत्ता नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरा प्रसंग याहून बोधप्रद आहे. ‘मेगाअपलोड’ नावाची एक सेवा होती. तिच्यावर चोरीच्या चित्रपटांची आणि गाण्यांची फार वर्दळ चाले, असा अमेरिकन सरकारचा आरोप होता. १९ जानेवारी २०१२ रोजी सरकारने तिचे दरवाजे बंद केले. आरोप खरा की खोटा याच्याशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. प्रश्न असा की, त्याच कोठीत ज्या सरळ माणसांनी आपले स्वतःचे कागद ठेवले होते त्यांचे काय झाले? ओहायो राज्यातील एक गृहस्थ शाळांच्या क्रीडासामन्यांचे चित्रण करीत आणि त्यावर पोट भरीत. त्यांचे चित्रण त्या सर्व्हरांवर होते. त्यांनी कोर्टात अर्ज केला की, माझी वस्तू मला द्या. सरकार म्हणाले, सर्व्हर आमच्या ताब्यात नाहीत. सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी म्हणाली, आम्हांला त्याचा खर्च सोसवत नाही. आणि मेगाअपलोडचे पैसे गोठवलेले. वस्तू कोणाची यावर वाद नव्हता. ती हातात देणारा कोणी नव्हता एवढेच. युरोपातील ६३० सर्व्हर तर २०१३ च्या फेब्रुवारीत पुसूनच टाकण्यात आले. मालकी आणि ताबा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे जमिनीच्या दाव्यांत पिढ्या घालवलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. कागदांच्या बाबतीत ते जगाला २०१२ साली उमगले.

तिसऱ्या प्रसंगात चूकही नाही आणि खटलाही नाही. कॅनॉनिकल कंपनीने २००९ मध्ये ‘उबुंटू वन’ नावाची साठवणीची सेवा सुरू केली होती. परवडत नाही म्हणून २०१४ च्या एप्रिलमध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले. १ जूनला सेवा थांबली आणि कागद उचलून नेण्यास जुलैअखेरपर्यंत मुदत मिळाली. दुकान आहे, चालले नाही, मिटले. दुकानदाराला दोष देता येत नाही. पण आपले दफ्तर दुसऱ्याच्या दुकानाच्या नफातोट्याला बांधलेले होते ही गोष्ट उरतेच.

आता ज्या माणसांनी दुसरी वाट काढली त्यांच्याकडे वळू. त्यांना पायापासून काही बांधावे लागले नाही. घराच्या भिंती आधीच उभ्या होत्या. हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या लिनस टोर्वाल्ड्सने १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपण छंद म्हणून एक संचालन प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, तीच लिनक्स. पाने वाढून देणारा ‘अपाची’ हा वेब सर्व्हर १९९५ चा. रास्मुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या पानासाठी जुळवलेली हत्यारे त्याच वर्षी ‘पीएचपी’ या नावाने बाहेर आली. नोंदी ठेवणारा ‘मायएस्क्यूएल’ हाही १९९५ चा. त्याचे कर्ते मायकेल विडेनियस यांनी त्याला आपल्या थोरल्या मुलीचे, ‘माय’ हिचे, नाव दिले होते. पुढे ते उत्पादन विकत विकत ओरॅकल या बलाढ्य कंपनीच्या हाती जाऊ लागले, तेव्हा २००९ मध्ये त्यांनी त्याच मूळ लेखनावरून दुसरे रोप लावले आणि धाकट्या मुलीच्या नावावरून त्याला ‘मारियाडीबी’ म्हटले. थोरली सासरी गेली, धाकटी घरी राहिली, असे कोणी म्हटल्यास आम्ही हरकत घेणार नाही. दूरच्या यंत्रावरील फाईल उघडण्या-लिहिण्याचे ‘वेबडॅव्ह’ नावाचे सर्वमान्य संकेतही १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

या सर्वांहून महत्त्वाची वीट मात्र यंत्रातली नव्हती, कायद्यातली होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा संकल्प सोडला आणि १९८९ मध्ये त्यासाठी ‘जीपीएल’ हा परवाना सिद्ध केला. आज्ञावली कोणीही वापरावी, पाहावी, बदलावी. पण बदललेली आज्ञावली दुसऱ्याला देताना तिचे मूळ लेखन, म्हणजे सोर्स कोडही त्याला द्यावा, असा त्याचा सारांश. या परवान्यात एक फट होती. कंपनीने आज्ञावली कोणाला दिलीच नाही, आपल्याच सर्व्हरवर ठेवून लोकांना केवळ सेवा पुरवली, तर ‘दुसऱ्याला देण्याचा’ प्रश्नच उद्भवत नाही! क्लाऊडच्या युगात ही फट म्हणजे वेशीचा दरवाजाच झाला. २००२ साली अफेरो नावाच्या कंपनीसाठी ती बुजवणारा परवाना प्रथम तयार झाला आणि २००७ च्या नोव्हेंबरात ‘एजीपीएल’ची तिसरी आवृत्ती निघाली. जाळ्यावरून जो आज्ञावली वापरतो त्यालाही ती पाहण्याचा हक्क आहे, असे तिने सांगितले. हा कोरडा कायदा आम्ही इतका वेळ सांगत आहोत याचे कारण पुढे २०१६ साली कळेल.

फ्रँक कार्लिचेक हे जर्मन गृहस्थ ‘केडीई’ या लिनक्सवरील मुक्त प्रकल्पातले जुने कार्यकर्ते. २०१० च्या जानेवारीत सॅन दिएगो येथे त्या मंडळींचा मेळावा भरला असता त्यांनी आपल्या भाषणात प्रश्न टाकला. आम्ही मुक्त सॉफ्टवेअरचे लोक. टेबलावरचे यंत्र आम्ही मोकळे केले. पण आता लोकांचे कागदच टेबलावरून उठून बंद कोठ्यांत चालले आहेत, मग आम्ही मोकळे केले ते काय? उपाय म्हणून त्यांनी ‘ओनक्लाऊड’, म्हणजे आपला स्वतःचा ढग, ही योजना मांडली. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक एबेन मॉग्लेन यांनी याच विषयावर व्याख्यान दिले आणि प्रत्येकाच्या घरी भिंतीला लावता येईल असा छोटा सर्व्हर असावा असे प्रतिपादले. दोघांचा रोख एकच होता. वेळ आलेली कल्पना अशीच दोन-तीन तोंडांतून एकदम बाहेर पडते.

ओनक्लाऊडची पहिली आवृत्ती २४ जून २०१० रोजी निघाली. ती फार साधी होती: फायली ठेवा, पाहा, वेबडॅव्हने जोडून घ्या. ड्रॉपबॉक्सची खरी जादू, म्हणजे यंत्रायंत्रांतला आपोआप मेळ, ती पुढे २०१२ पर्यंत हाती आली. २०११ च्या अखेरीस या कामाभोवती ओनक्लाऊड नावाचीच कंपनी अमेरिकेत आणि जर्मनीत उभी राहिली.

ही सोय प्रत्यक्षात मांडायची म्हणजे काय करायचे, हे आता पाहू. एक संगणक हवा. जुना चालेल, २०१२ मध्ये अवघ्या ३५ डॉलरला निघालेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही एका घराला पुरला आहे, आणि संस्थेने भाड्याने सर्व्हर घेतला तरी चालते. त्यावर डेबियन किंवा उबुंटू यांसारखे लिनक्स घालायचे. मग अपाची, मारियाडीबी आणि पीएचपी बसवायची. या तिन्ही गोष्टी लिनक्सच्या भांडारातून एकेका आज्ञेने येतात. नंतर मुख्य आज्ञावली आणून ठेवायची, डेटाबेसमध्ये तिच्यासाठी एक खाते उघडायचे आणि ब्राउझरमध्ये पहिले पान उघडून व्यवस्थापकाचे नाव आणि पासवर्ड द्यायचा. जाणत्या माणसाला हे एका दुपारचे काम आहे. ज्या गोष्टी घाईत राहून जातात त्या मात्र याच्या पुढच्या आहेत. फायलींचे कपाट वेब सर्व्हर ज्या दालनातून पाने वाढतो त्या दालनाबाहेर ठेवावे, म्हणजे वाढप्याच्या चुकीने कोठीतला माल पंगतीत जात नाही. दर पाच मिनिटांनी घरकाम उरकणारी नोंद ‘क्रॉन’मध्ये करावी. आपल्या सर्व्हरला कोणत्या नावाने हाक मारलेली चालेल तेही नोंदवून ठेवावे लागते. परक्या नावाने आलेल्याला तो दारातूनच परत पाठवतो.

याहून अवघड प्रकरण पत्त्याचे. जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाच्या मध्यवर्ती भांडारातले शेवटचे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीत वाटले गेले आणि आपल्या आशिया विभागाचा मोकळा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपला. परिणाम असा की, भारतातील पुष्कळ घरगुती जोडण्यांना स्वतंत्र पत्ता मिळतच नाही. चाळीतल्या सामाईक टपालपेटीसारखा एकाच पत्त्यामागे पुष्कळ घरांचा कारभार चालतो. घरातून बाहेर पत्र जाते, पण बाहेरच्याला आपले दार सापडत नाही. मग सेवा पुरवणाऱ्याकडे वेगळा पत्ता मागावा, नव्या पद्धतीचा लांब पत्ता वापरावा, किंवा बाहेर भाड्याने घेतलेल्या सर्व्हरमधून घरापर्यंत बोगदा काढावा, अशा वाटा आहेत. स्वावलंबनाच्या मार्गातला हा धोंडा सॉफ्टवेअरचा नसून पुरवठ्याचा आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही असे आम्हांस वाटते.

दाराला कुलूपही हवे. जाळ्यावरून जाणारा मजकूर वाटेत कोणी वाचू नये यासाठी प्रमाणपत्र लागते. ते पूर्वी विकत घ्यावे लागे आणि दर वर्षी त्याचे पैसे व खटाटोप. घरगुती मंडळी त्याशिवायच काम चालवीत. २०१५ च्या डिसेंबरात ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या धर्मादाय उपक्रमाने ९० दिवसांची प्रमाणपत्रे मोफत आणि आपोआप देण्यास आरंभ केला. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या सामान्य माणसावर या उपक्रमाचे जेवढे उपकार आहेत तेवढे फार थोड्यांचे असतील.

मेळ कसा बसतो हेही सांगण्यासारखे आहे. सर्व्हरवर प्रत्येक फाईलला आणि प्रत्येक फोल्डरला एक खूण असते. फाईल बदलली की तिची खूण बदलते, ती ज्या फोल्डरात आहे त्याची बदलते, त्यावरच्याची बदलते, असे थेट माथ्यापर्यंत जाते. आपल्या टेबलावरचे यंत्र थोड्या थोड्या वेळाने फक्त माथ्यावरची खूण विचारते. ती पूर्वीचीच असेल तर काम संपले. बदललेली असेल तर ज्या फांदीची खूण बदलली तिकडेच ते उतरत जाते. लाख फायली असोत, विचारपूस एकीचीच. आणि दोघांनी एकाच वेळी एकच फाईल बदलली तर? अशा वेळी यंत्र न्यायनिवाडा करीत नाही. सर्व्हरवरची प्रत मूळ नावाने ठेवते आणि आपली प्रत तंट्याची खूण व तारीख घालून बाजूला ठेवते. निवाडा माणसांनी करायचा. ही नम्रता आम्हांला आवडते.

आता २०१६. कंपनी वाढली होती आणि तिच्यात एक जुना ताण होता. ओनक्लाऊडचे मुक्त रूप एजीपीएलखाली सर्वांना खुले होते. पण कंपनी मोठ्या गिऱ्हाइकांना बंद परवान्याची वेगळी आवृत्तीही विकत असे, आणि ते करता यावे म्हणून बाहेरच्या लेखकांकडून तसा करार लिहून घेत असे. फुकट राबणारा कार्यकर्ता आणि विकणारा मालक यांचे नाते अशा वेळी किती दिवस गोड राहणार? २७ एप्रिल २०१६ रोजी कार्लिचेक यांनी आपण स्वतः उभारलेली कंपनी सोडत असल्याचे जाहीर केले. २ जूनला त्यांनी आणि त्यांच्या अनेक जुन्या सहकाऱ्यांनी ‘नेक्स्टक्लाऊड’ची घोषणा केली. सावकारांनी कर्ज आवरते घेतल्यामुळे ओनक्लाऊडची अमेरिकेतील कंपनी त्याच सुमारास बंद पडली. जर्मन शाखा चालू राहिली.

एखाद्या पेढीचा मूळ पुरुष आणि त्याचे कारागीर उठून गेले आणि पेढीचे एक दालन मिटले, तर ठेवीदारांनी काय करावे? एरवी हंबरडाच. येथे तसे काही घडले नाही. ज्यांचे कागद होते ते त्यांच्याच घरात होते. आज्ञावलीचे मूळ लेखन परवान्याने सर्वांचे होते. नेक्स्टक्लाऊडने आपली पहिली आवृत्ती त्याच जूनमध्ये काढली आणि तिला क्रमांक दिला नववा, कारण ओनक्लाऊड नवव्या क्रमांकापर्यंत आलेले होते. दिवा विझला नाही, हात बदलला. वेगळ्या बंद आवृत्तीचा व्यवहार आणि लेखकांकडून घ्यायचा तो करार, हे दोन्ही नव्या मंडळींनी रद्द केले. उबुंटू वन मिटले तेव्हा गिऱ्हाइकांना जुलैअखेरची मुदत होती. येथे कोणाला मुदत द्यावीच लागली नाही. कोरडा कायदा उपयोगी पडला तो असा. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात ओनक्लाऊड ही जर्मन कंपनी अमेरिकेतील काइटवर्क्सने घेतली, आणि २०२५ च्या जानेवारीत जर्मनीतील हाइनलाइन समूहाने ओनक्लाऊडच्याच नव्या लेखनावरून ‘ओपनक्लाऊड’ हे तिसरे रोप लावले. भाऊबंदकी म्हणावी तर आहेच, पण प्रत्येक वाटणीत प्रत्येकाला सबंध वाडा मिळतो, अशी ही भाऊबंदकी आहे.

दरम्यान एक मोठी घटना घडून गेली होती. २०१३ च्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदांवरून, अमेरिकन गुप्तचर खाते मोठ्या कंपन्यांकडील माहिती कशी मिळवते ते जगाला कळले. मोठमोठी सरकारेही तेव्हापासून किल्लीची चौकशी करू लागली. जर्मन संघराज्याच्या माहिती-तंत्र केंद्राने २०१८ मध्ये नेक्स्टक्लाऊड निवडले. श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने २०२४ च्या एप्रिलमध्ये आपल्या सुमारे ३०,००० संगणकांवरून मायक्रोसॉफ्टचा कारभार हलवून मुक्त सॉफ्टवेअर आणण्याचे जाहीर केले, त्यातही फायलींच्या साठवणीचे काम नेक्स्टक्लाऊडकडे आहे. छंदिष्टांच्या मेळाव्यात निघालेला विषय सहा-आठ वर्षांत सरकारदरबारी पोचला.

येथवर ऐकून कोणी उद्याच घरी सर्व्हर मांडण्याचे ठरवील, म्हणून नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेशवे दफ्तराचे रुमाल इंग्रजी अंमलात सरकारी कोठीत राहिले म्हणून टिकले, पण किल्ली सरकारजवळ असल्याने आपल्या अभ्यासकांना ते मोकळेपणी पाहावयास मिळण्यास फार वर्षे लोटली; रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे खंड निघू लागले ते १९३० पासून. उलट ज्यांचे रुमाल वाड्यातच राहिले त्यांची किल्ली घरच्याच कनवटीला होती. मात्र राजवाडे गावोगाव हिंडले तोवर त्यांतले कितीतरी वाळवीने आणि पावसाने नेले होते. स्वतःच्या सर्व्हरची गोष्ट तीच आहे. वाळवी तेवढी बदलली.

२०१९ च्या ऑक्टोबरात पीएचपीमध्ये, विशिष्ट जोडणीत उघडे पडणारे एक छिद्र सापडले. नेक्स्टक्लाऊडने वापरणाऱ्यांना तातडीने सावध केले. ज्यांनी सूचना वाचून दुरुस्ती केली ते सुटले. ज्यांनी केली नाही त्यांच्यापैकी काहींच्या सर्व्हरमध्ये नोव्हेंबरात ‘नेक्स्टक्राय’ नावाचा दरोडेखोर शिरला, फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. मोठ्या कोठीत अशी डागडुजी करणारी पगारी माणसे रात्रंदिवस बसलेली असतात. घरच्या सर्व्हरवर ती माणसे म्हणजे आपणच, आणि आपण लग्नकार्याला परगावी गेलेले असतो. २०२३ च्या नोव्हेंबरात ओनक्लाऊडच्या एका जोडभागात असेच भोक सापडले. त्यातून व्यवस्थापकाचा पासवर्डसुद्धा बाहेर जाऊ शके, आणि धोक्याच्या मापात त्याला १० पैकी १० गुण पडले.

आणि आग आहेच. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची पाच मजली सर्व्हर-इमारत जळून खाक झाली. शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. मनुष्यहानी झाली नाही. ज्यांनी दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवली होती ते काही तासांत उभे राहिले. ज्यांची प्रतही त्याच आवारात होती त्यांची प्रतही जळाली. याहून भयंकर उदाहरण दक्षिण कोरियाचे. तेथील सरकारने परक्या कोठीवर विसंबण्याऐवजी स्वतःची कोठी बांधली होती, ‘जी-ड्राइव्ह’ नावाची. काही खात्यांत तर कर्मचाऱ्यांनी आपापल्या यंत्रावर काही न ठेवता सारे तेथेच ठेवावे असा दंडक होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दाएजोन येथील सरकारी केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली आणि ८५८ टेराबाइट कागद गेले. दुसरी प्रत बाहेर कोठे नव्हती. आकार फार मोठा म्हणून ती ठेवली नव्हती, असे कारण देण्यात आले. किल्ली सरकारचीच होती. कुलूप लावायला दार उरले नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फायली तीन यंत्रांवर दिसतात म्हणजे त्यांच्या तीन प्रती आहेत, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. मेळ घालणारी आज्ञावली आज्ञाधारक असते. आपण एका यंत्रावर फाईल पुसली की ती इतरत्रही इमानाने पुसते, आणि दरोडेखोराने कुलूपबंद केलेली फाईलही तितक्याच इमानाने सगळीकडे पोचवते. कचऱ्याच्या टोपलीतून आणि जुन्या आवृत्त्यांतून काही काळ वस्तू परत मिळते, पण टोपली त्याच घरात असते. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी छायाचित्रकारांसाठी रूढ केलेले माप साधे आहे: प्रती तीन, माध्यमे दोन, आणि एक प्रत परगावी. लिनक्सवर हे काम करणारे ‘आरसिंक’ हे हत्यार ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९६ मध्येच करून ठेवले आहे. फाईलचा जेवढा भाग बदलला तेवढाच ते दुसऱ्या गावच्या यंत्राकडे पाठवते.

प्रत घेताना फायलींबरोबर डेटाबेसचीही प्रत त्याच वेळची घ्यावी लागते, कारण कोणती फाईल कोणाची आणि कोणाला दाखवावयाची, याच्या नोंदी डेटाबेसमध्ये असतात. म्हणून तेवढी मिनिटे सेवेचे दार लावून घेण्याची सोय आज्ञावलीतच केलेली आहे. वाचनालये, पतपेढ्या, शाळा यांनी ही व्यवस्था मांडली तर वर्षातून एकदा तरी सारे दफ्तर दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर परत उभे करून पाहावे. हा प्रयोग नेहमीच्या माणसाने करू नये. चिटणीसांनी लिहून ठेवलेली टिपणे हाती घेऊन तो दुसऱ्या कोणी करावा, आणि चिटणीसांनी त्या वेळी खोलीबाहेर बसावे. टिपणांत काय लिहावयाचे राहून गेले आहे ते तासाभरात कळते.